गुलाबी ओल

कुठेही पाणी मुरत असेल, तर ते मी शोधून काढतो. ही बढाई नाही, माझा धंदाच आहे तो! मी विमा कंपनीत दावे तपासतो. "गोदामाला आग लागली हो, सगळा माल जळाला!" असं म्हणत कुणी डोळे पुसत आला, की मी शांतपणे विचारतो, "आणि आदल्या दिवशी मागच्या दाराशी ट्रक कशाला उभा होता?" समोरच्याचे डोळे जागच्या जागी कोरडे होतात. ऑफिसात मला सगळे 'नाक' म्हणतात. साहेब रागाने म्हणतात, शिपाई प्रेमाने म्हणतो, पण म्हणतात सगळे.

त्यामुळे आमच्या घरातल्या एका भिंतीला ओल आली आणि प्लंबर म्हणाला, "फोडून बघावं लागेल," तेव्हा मला हसूच आलं.

"कुठून फोडणार?" मी विचारलं.

त्याने कपाटाशेजारी भिंतीवर बोट टेकवलं आणि ते तसंच ओढत चालू लागला. खोलीतून बोळात, बोळातून न्हाणीघरात, न्हाणीघराला वळसा घालून थेट खिडकीपर्यंत! "इथपर्यंत," तो म्हणाला.

"अहो, मग घर राहिलं कुठे?"

"छत राहील की!" त्याने माझी समजूत काढली.

मी त्याला चहा पाजून वाटेला लावलं. भिंत साधी असती तर मी फोडूही दिली असती. पण ही भिंत सासूबाईंच्या खोलीतली होती.

सासरे गेल्यापासून सासूबाई दुसऱ्या गावी एकट्या राहतात. स्वभावाने अतिशय भिडस्त. दुसऱ्याच्या घरी पाणी प्यायल्या तरी पेला स्वतः विसळून, पुसून, होता तिथे ठेवतील. कुणाला आपला भार नको, हे त्यांचं एकच व्रत. गेल्या महिन्यात त्या घरातच पाय घसरून पडल्या आणि शेजारीण येईपर्यंत तशाच पडून राहिल्या. हाड मोडलं नाही हे नशीब. पण तेव्हापासून आमच्याकडे फोन वाजला, की माझ्या बायकोच्या हातातलं काम गळून पडतं. फोन कसल्यातरी जाहिरातीचा निघाला, तरी ती तो ठेवून मिनिटभर भिंतीला टेकून उभी राहते. ते बघवत नाही हो.

आईने आता आपल्याकडेच राहावं, एवढंच तिचं म्हणणं. सासूबाई यायच्या, राहायच्या आणि आठवडा संपायच्या आत बॅग भरायच्या. "खोलीत ओल आहे गं. माझे गुडघे धरतात. मी आपली माझ्या घरी बरी."

"आणि ओल गेली तर राहशील?" हिने गेल्या खेपेला विचारलं होतं.

"गेली तर बघू," असं म्हणून त्या गाडीत बसल्या होत्या.

आता त्या शनिवारी पुन्हा यायच्या होत्या. मी हिला सांगून टाकलं, "शनिवारपर्यंत गळती शोधतो. एक फरशी, जास्तीत जास्त एक, फोडायची. तुझ्या आईला निमित्तच उरणार नाही!"

"अहो, प्लंबरचं ऐकू या का?"

"डॉक्टर पोट फाडायच्या आधी तपासतो की नाही?"

"तपासतो. पण तो डॉक्टर असतो."

बायकोच्या अशा बोलण्याकडे लक्ष द्यायचं नसतं. मी स्टीलचा पेला भिंतीला लावला, पेल्याला कान लावला आणि श्वास रोखला. भिंतीच्या आतून एक खोल आवाज आला, "माझ्या अशिलाचं म्हणणं असं आहे…"

हे आमच्या खालच्या मजल्यावरचे वकीलकाका. त्यांना आरशासमोर उभं राहून युक्तिवादाचा सराव करायची सवय आहे. आमची इमारत छोटीशी. तळाला दातांच्या डॉक्टरीणबाईंचा दवाखाना, मधे वकीलकाका, वर आम्ही. दवाखान्याच्या छतालाही ओल होती. "तुमच्या न्हाणीघरातून गळतंय," असं डॉक्टरीणबाई म्हणायच्या, आणि "पुरावा काय?" असं वकीलकाका विचारायचे. एवढ्यावरून दोघांचा अबोला. जिन्यात समोरासमोर आले तर दोघेही माझ्याकडे बघून बोलायचे.

पेल्याचा उपयोग होईना. मग मला ती युक्ती सापडली! टाकीच्या पाण्यात खाण्याचा रंग घालायचा. जिथे पाइप गळत असेल, तिथे भिंतीवर रंग उमटणार. अपाय नाही, तोडफोड नाही. इतकी साधी गोष्ट प्लंबरला कशी सुचली नाही, याचं मला वाईट वाटलं.

केकचं सामान विकणाऱ्या दुकानात गेलो. "लाल रंग द्या."

"केवढ्या केकला हवाय?"

"हजार लिटरच्या."

दुकानदाराने चष्म्यावरून पाहिलं. "लग्नाचा आहे का?"

"नाही, भिंतीचा आहे."

त्याने पुढे काही विचारलं नाही. होत्या तेवढ्या सगळ्या बाटल्या पिशवीत भरल्या आणि मी बाहेर पडेपर्यंत गल्ल्यामागून हलला नाही.

शनिवारी सकाळी ही आईला आणायला स्टेशनवर निघाली. मी स्वयंपाकघरात सगळ्या बादल्या आणि पातेली भरून ठेवली होती. हिला बजावलं, "परत आलात तरी मी सांगेपर्यंत नळाला हात लावायचा नाही. हेच पाणी वापरायचं."

"का?"

"कळेल!" मी म्हणालो. गंमत राखून ठेवायची मला हौस आहे.

ही गेल्याबरोबर मी गच्चीवर गेलो. तिथे तीन घरांच्या तीन टाक्या ओळीने उभ्या आहेत. एखादी रिकामी झाली तर दुसरीतलं पाणी घेता यावं, म्हणून खालून एका पाइपाने तिन्ही जोडलेल्या आहेत आणि त्या पाइपावर एक व्हॉल्व्ह आहे. माझा रंग शेजाऱ्यांकडे जाऊ नये, एवढी अक्कल मला होती. व्हॉल्व्हची दांडी पाइपाच्या वाटेत आडवी आली होती. मी विचार केला, ही अशी ताठ उभी आहे, म्हणजे जागी आहे. जागी म्हणजे चालू! मी ती जोर लावून फिरवली आणि पाइपाच्या अंगासरशी नीट निजवली. झाली बंद! मग सगळ्या बाटल्या आमच्या टाकीत ओतल्या, काठीने ढवळलं. पाणी असं सुरेख लाल झालं, की मला स्वतःचंच कौतुक वाटलं.

खाली येऊन नळ सोडून पाहिला. लाल धार! मग ओल आलेल्या भिंतीसमोर स्टूल मांडून बसलो. भिंत माझ्याकडे बघत होती, मी भिंतीकडे. बराच वेळ दोघांपैकी कुणीच काही कबूल करेना.

तेवढ्यात तळमजल्यावरून किंकाळी आली.

मी जिन्यात धावलो. मधल्या मजल्यावर, पायरीवर, वकीलकाका बसले होते. अर्ध्या गालाला साबणाचा फेस, गळ्याला टॉवेल, आणि टॉवेल लालेलाल!

"मला हात लावू नका!" ते कुजबुजले. "दाढी करताना मान कापली गेलीय. मी हलत नाही."

"काका, कुठे कापलंय? दुखतंय का?"

"अजिबात दुखत नाही. म्हणजे खोल आहे!"

मी टॉवेल बाजूला केला. मान धडधाकट होती. माझ्या मनात एक शंका आली, पण ती मी मनातच दाबली आणि काकांना काखेत धरून तळाला नेलं, कारण जवळचा डॉक्टर म्हणजे दाताचाच. दवाखान्याच्या दारातून एक गृहस्थ गळ्यात तो कागदी लाळेरा तसाच घेऊन आम्हाला ढकलत रस्त्यावर पळाले.

"अहो, थांबा! मी अजून हातही लावला नव्हता!" डॉक्टरीणबाई त्यांच्यामागे ओरडत होत्या. मग आमच्याकडे वळल्या. "नुसतं म्हटलं, चूळ भरा. त्यांनी पेल्यात बघितलं आणि सुटले! नळाला रक्त येतंय आज!"

"रक्त नाही ते," मी म्हणालो. "खाण्याचा रंग आहे. पण तो तुमच्याकडे यायला नको होता. मी व्हॉल्व्ह बंद केला होता!"

दोघांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, की मी सगळी हकिगत सांगू लागलो. टाकी, बाटल्या, भिंत, सासूबाई. सांगता सांगता डॉक्टरीणबाईंची नजर वर गेली. दवाखान्याच्या छतावर, बरोब्बर वकीलकाकांच्या न्हाणीघराखाली, ताटाएवढा गुलाबी डाग उमटला होता.

डॉक्टरीणबाई चपला काढून पेशंटच्या खुर्चीवर चढल्या आणि हातातल्या लांब आरशाने डागाकडे बोट केल्यासारखं करून म्हणाल्या, "हा घ्या पुरावा!"

आपण जिवंत आहोत हे वकीलकाकांना आता पटलं होतं. त्यांनी टॉवेल सावरला. "हा पुरावा ग्राह्य धरता येणार नाही. तो बेकायदा मार्गाने मिळवलाय."

"मिळवला कुणी?"

दोघांनी पुन्हा माझ्याकडे पाहिलं. त्यानंतर जी खडाजंगी झाली, तिच्यात मी मध्ये उभा होतो आणि दोन्ही बाजूंनी मार खात होतो. दवाखान्याच्या दाराकडे माझी पाठ होती. आमच्या मागून, जिन्याने, ही आणि सासूबाई बॅग घेऊन वर गेल्या, ते मला दिसलंच नाही!

मधेच मला माझी भिंत आठवली. दोघांना भांडत ठेवून मी दोन दोन पायऱ्या गाळत वर गेलो, खोलीत शिरलो, आणि काय सांगू! पलंगाच्या उशाशी, भिंतीवर, जमिनीच्या फरशीला लागून, बशीएवढा गुलाबी डाग! शंभर टक्के गळती तिथेच!

"सापडली! सापडली!" मी पलंगाभोवती नाचलो.

ही स्वयंपाकघरातून आली. "अहो, हळू! आई आंघोळीला गेलीय."

माझा नाच थांबला. "कुठल्या पाण्याने?"

"तुम्ही भरून ठेवलेल्या. मी सांगितलंय तिला, बादली घेऊन जा म्हणून."

मी स्वयंपाकघरात धावलो. सगळ्या बादल्या काठोकाठ भरलेल्या होत्या. एकही हललेली नव्हती.

तेवढ्यात न्हाणीघराची कडी वाजली आणि टॉवेलने डोकं पुसत सासूबाई बाहेर आल्या. त्यांचे केस कापसासारखे पांढरे आहेत. होते. आता ते गुलाबी होते! नुसते केस नाहीत, कानाच्या पाळ्यासुद्धा.

"तुमचं साठवलेलं पाणी कशाला घेऊ?" चष्मा शोधत त्या म्हणाल्या. "तुम्हाला लागेल. मी आपलं नळाचं घेतलं."

आमच्या न्हाणीघरातला दिवा पिवळा आणि मिणमिणता, बादली लाल रंगाची, आणि त्यांचा चष्मा बाहेर टेबलावर. त्यांना शंका यायचं काही कारणच नव्हतं. आता त्यांनी चष्मा लावला आणि समोर आरसा होता.

मी घाईघाईने बोलू लागलो. "त्याचं असं झालं… चाचणी होती… ओल शोधायला… म्हणजे एकच फरशी…" माझा आवाज बारीक होत होत बंद पडला. ही तोंडावर हात धरून स्वयंपाकघरात निघून गेली आणि तिथून तिच्या रडण्याचा आवाज येऊ लागला. चार शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. सासूबाईंना जायला निमित्त उरू नये म्हणून मी हा सगळा खटाटोप केला, आणि निमित्त थेट त्यांच्या डोक्यावरच ओतलं! मला खरोखर जमिनीत गडप व्हावंसं वाटलं.

"बॅग अजून उघडलेली नाही," सासूबाई हळूच म्हणाल्या. रागावल्या नव्हत्या, ते जास्त वाईट. "संध्याकाळची गाडी असेल ना? तुमचा त्रास तरी वाचेल."

मी काही उत्तर देणार, तोच दार वाजलं. डॉक्टरीणबाई आणि वकीलकाका मला साक्षीदार म्हणून खाली न्यायला आले होते. काकांच्या गालावरचा फेस वाळून गेला होता. डॉक्टरीणबाई भांडणाचं वाक्य अर्ध्यावर टाकून थबकल्या.

"अय्या! केस कुठे करून घेतलेत हो तुम्ही?"

"मी?" सासूबाई गडबडल्या.

"काय शोभतोय हा रंग तुम्हाला! मी इतकी वर्षं मनात धरून बसलेय, पण पेशंट काय म्हणतील म्हणून धीरच होत नाही. वळा बघू जरा. अहो, मागून तर फारच सुंदर!" मग त्यांनी काकांना कोपराने ढोसलं. "तुम्हीच सांगा!"

वकीलकाकांनी नीट निरखून पाहिलं. "शोभतोय. हे मी कबूल करतो."

"आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी कबूल केलंत!"

सासूबाईंचा हात आपोआप केसांकडे गेला. "आत्ताच खालून वर आले मी," त्या म्हणाल्या, "तुमच्या तिघांच्या अगदी शेजारून. कुणी बघितलंही नाही."

आम्ही तिघेही ओशाळलो. त्यांचा स्वर तक्रारीचा नव्हता. म्हाताऱ्या माणसाला हे रोजचंच असतं, अशा सवयीने त्या बोलल्या. मग त्या पुन्हा आरशात बघू लागल्या, आणि या खेपेला जरा जास्त वेळ बघत राहिल्या.

"पण असं डोकं घेऊन आमच्या गल्लीत कशी जाऊ मी?" त्या एकदम म्हणाल्या. "तिथे मला सगळे ओळखतात! रंग उतरेपर्यंत इथेच राहावं लागेल. आता काय करणार!"

स्वयंपाकघरातलं रडणं थांबलं.

प्लंबर आला. गुलाबी डागाखालची एक फरशी, मोजून एक, त्याने काढली. आत जुन्या लोखंडी पाइपाचा वळणाचा जोड गंजून खाल्ला गेला होता. त्याने तो बदलला. मी तेवढ्यात विजयी मुद्रेने उभा राहिलो, तर तो म्हणाला, "गच्चीवरचा व्हॉल्व्ह कुणी उघडला? दांडी पाइपाच्या ओळीत असली की चालू, आडवी असली की बंद."

"हो का?" मी म्हणालो आणि चहा सांगायला आत गेलो.

वकीलकाकांनीही मुकाट्याने आपला पाइप बदलून घेतला. अबोला संपला, आता दोघे सरळ एकमेकांशी भांडतात. आमची भिंत वाळली. त्या भिंतीला लागून सासूबाई झोपायच्या आणि गुडघ्यांबद्दल चकार शब्द काढायच्या नाहीत. दुपारी त्या दवाखान्यात जाऊन बसू लागल्या. एखादा पेशंट घाबरून पांढराफटक झाला, की त्याचा हात हातात घ्यायच्या आणि त्याला म्हणायच्या, "माझ्या डोक्याकडे बघा, दाताचं विसराल." लोक फोनवर विचारू लागले, "गुलाबी आजी आज आहेत ना? मग येतो." फोन वाजला तरी ही आता हातातलं काम खाली ठेवत नाही, हे मी पाहून ठेवलं होतं.

पण तो शेवटी खाण्याचा रंग! दर आंघोळीला थोडा थोडा उतरत गेला. एके सकाळी पाहिलं, तर फक्त कानामागे जरासा उरला होता. त्याच दिवशी सासूबाईंनी बॅग कपाटावरून काढून पुसून ठेवली. माणसाला राहायचं असतं हो, पण राहायलाही काहीतरी निमित्त लागतं, आणि सासूबाईंसारख्यांना तर फारच लागतं.

संध्याकाळी हिने मला स्वयंपाकघरात ओढलं. "अहो, ते केकचं दुकान उघडं असेल का?"

"कशाला?"

"आईच्या शाम्पूत घालीन, थोडासाच. पण तिला कळू द्यायचं नाही हं!"

मी जाऊन बाटली आणून दिली. दुसऱ्या दिवशी ऑफिसला निघालो, तर सासूबाई जिन्यात उभ्या.

"जावईबापू, एक छोटंसं काम होतं. तो रंग… एखादी बाटली मिळेल का? येताना आणलीत तरी चालेल. पण हिला बोलू नका. म्हणेल, आईला म्हातारपणी हे काय सुचतंय!"

तीही आणून दिली.

आता शाम्पूतून एक रंग आणि त्यावर बाटलीतून दुसरा! आठवड्याभरात गुलाबी जाऊन डोकं पिकलेल्या टोमॅटोसारखं झालं. काल सकाळी दोघी आरशासमोर उभ्या होत्या. मी मागून सटकत होतो, पण सापडलो.

"जावईबापू," सासूबाई आरशातून माझ्याकडे बघत म्हणाल्या, "हा रंग उतरायच्या ऐवजी चढतोय कसा हो?"

"हो ना, कसा काय?" हीसुद्धा म्हणाली आणि डोळ्यांनी मला दटावलं. दटावत सासूबाईही होत्या.

"पाइपात कुठेतरी राहिला असेल," मी म्हणालो. "शोधावा लागेल. पण वेळ लागेल. मला काही लवकर सापडत नाही."

"सावकाश शोधा हो," सासूबाई म्हणाल्या. "घाई काय आहे!"